घरच्या शुश्रूषेचे ओझे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी डॉक्टरीणबाई किंवा वकीलीणबाई येतात, चार शब्द सांगून जातात, आणि आपण मागच्या रांगेत बसून ऐकतो. या वर्षी आपल्यातल्याच एकीने बोलावे असे ठरले व माझे नाव निघाले. माझे शिक्षण सातवी. बोलण्यात कुठे खालीवर झाले तर सांभाळून घ्या. विषय मात्र मी माझ्या ओळखीचाच घेतला आहे. घरात कोणी अंथरुणाला खिळले, म्हणजे त्या माणसाचे हाल आपण सगळेच पाहतो. पण त्याचे करणारी जी कोणी असते, तिच्यावर किती ओझे पडते, ते मोजता येते का, आणि ते थोडे हलके करता येते का, याविषयी मला बोलायचे आहे.

तुमच्यापैकी काहीजणींच्या मनात आत्ताच आले असेल की, सेवा ही पुण्याची गोष्ट, तिचे कसले मोजमाप! मलाही तसे वाटत असे. पण बघा, आपण बायका घरात काय मोजत नाही? दुधाचा रतीब मोजतो, गॅसची टाकी किती दिवस गेली ते मोजतो, पाहुणे आले तर वाटीने तांदूळ मोजतो. मोजले म्हणून अन्नपूर्णेचा अपमान होत नाही. मोजले नाही तर मात्र महिनाअखेरीस डबा खाली लागतो.

आमच्या सासूबाईंना 2021 च्या श्रावणात अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचाही बरीचशी गेली. त्या 3 वर्षे 4 महिने अंथरुणावर होत्या. तुम्ही बहुतेकजणी त्यांना भेटून गेल्या आहात, तेव्हा ते सगळे पुन्हा सांगत नाही. सकाळी तोंड धुण्यापासून रात्री कूस बदलण्यापर्यंत सगळे माझ्याकडे होते. यात मी काही जगावेगळे केले असे मुळीच नाही. या खोलीतच अशा निदान सहा-सातजणी बसल्या आहेत.

सव्वा वर्षाने त्यांना तपासणीला नेले, तेव्हा इस्पितळात एक समाजसेविका बाई भेटल्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. सासूबाईंची विचारपूस झाल्यावर त्या म्हणाल्या, “काकू, आजींचे झाले. आता तुमचे सांगा.” मला वाटले, आधारकार्ड वगैरे विचारायचे असेल. तसे नव्हते. त्यांनी मला शेजारच्या खोलीत एकटीला नेले, दार लोटून घेतले आणि एका कागदावरचे 22 प्रश्न एकेक करून विचारले.

प्रश्न साधे होते. स्वतःसाठी वेळ उरतो का, तब्येतीवर परिणाम झाला आहे असे वाटते का, घरातले दुसरे काम आणि आजाऱ्याचे काम यांची ओढाताण होते का, येणेजाणे तुटले का, आपल्याला राग येतो का, पैशाची काळजी वाटते का, आणखी करायला हवे होते असे मनाला लागून राहते का, अशा धर्तीचे. प्रत्येकाला उत्तर पाचांपैकी एक. कधीच नाही याला 0, क्वचित 1, कधीकधी 2, बरेचदा 3 आणि जवळजवळ नेहमी असेल तर 4. सगळ्यांची बेरीज करायची. जास्तीत जास्त होते 88. साधारणपणे 20 पर्यंत आले तर फारसे ओझे नाही असे धरतात, 40 पर्यंत मध्यम, 60 पर्यंत बरेच जड, आणि त्याच्या वर गेले तर फारच जड.

माझे आले 56.

या कागदाची हकिगत नंतर मला माझ्या मुलीने सांगितली. ती नर्सिंगच्या कॉलेजात शिकते. अमेरिकेतल्या स्टीव्हन झारिट नावाच्या गृहस्थांनी व त्यांच्या दोन सहकारी बायकांनी 1980 साली ही प्रश्नावली काढली. तेव्हा तीत 29 प्रश्न होते, पुढे 22 झाले. स्मृतिभ्रंश झालेल्या 29 म्हाताऱ्या माणसांच्या घरच्यांना त्यांनी ते प्रश्न विचारले होते. त्यातून जे निघाले ते ऐकून मी पोळी लाटायची थांबले. आपल्याला वाटेल की ज्याचे म्हातारे माणूस जास्त त्रास देते, रात्री-अपरात्री उठते, वस्तू फेकते, त्याचे ओझे जास्त असणार. तसे आढळले नाही. आजाऱ्याच्या वागण्याशी त्या ओझ्याचा मेळ बसेना. मेळ बसला तो दुसऱ्याच गोष्टीशी. घरची बाकीची माणसे त्या आजाऱ्याला भेटायला किती वेळा येतात, याच्याशी. जिथे जाणेयेणे होते तिथे करणाऱ्याला ओझे कमी वाटत होते.

आता माणसे थोडी होती, देश परका होता, हे खरे. पण मला ते आपल्या आळीतलेच वाटले. आमच्या गल्लीच्या टोकाला एक काका राहतात. त्यांच्या पत्नीला चार वर्षे काही आठवत नाही, त्यांनाही ओळखत नाहीत. काका स्वतः त्यांची वेणी घालतात. वेणी काही नीट येत नाही, पण घालतात. त्यांना मी विचारले की तुम्हाला जड कशाचे जाते, तर म्हणाले, “वहिनी, हिचे काही नाही. पण संध्याकाळी दाराची कडी वाजत नाही हो.” पूर्वी त्यांच्याकडे रोज पत्त्यांचा डाव पडत असे. म्हणजे हे बायकांचेच दुखणे आहे असेही नाही. पण बहुतेक घरांत ते बायकांच्या वाट्याला येते, हेही तितकेच खरे. सरकारने 2019 साली देशभर पाहणी केली होती, कोणाचा वेळ कशात जातो याची. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला 299 मिनिटे जातात असे निघाले आणि पुरुषांची 97. घरातल्या माणसांचे करणे-सवरणे वेगळे धरले आहे. त्यात बायकांची 134 आणि पुरुषांची 76. म्हणजे आधी स्वयंपाक-धुणी-भांडी यांचे पाच तास, आणि वर हे सव्वादोन.

माझ्या 56 चे काय झाले ते सांगते. तो कागद मी घरी आणला आणि यांच्या पुढे ठेवला. हे अडतीच्या दुकानात हिशेब लिहितात. जन्म आकड्यांत गेलेला. मी थकते हे त्यांना दिसत नव्हते असे नाही. पण “थकले बाई” हे आपण दिवसातून इतक्या वेळा म्हणतो की घरात त्याकडे कोणी वळून पाहत नाही. 88 पैकी 56 म्हटल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की 4 कुठे कुठे पडले आहेत? तीच तर खरी मेख आहे. नुसती बेरीज पाहून काही कळत नाही. पैशाच्या प्रश्नाला मी 1 दिला होता. काय करावे ते सुचत नाही, याला 1. पण स्वतःसाठी वेळ, तब्येत, येणेजाणे, आणि सगळे आपल्यावरच अवलंबून आहे असे वाटणे, या सगळ्यांना 4. म्हणजे मला पैसे नको होते की सल्ला नको होता. हवी होती झोप आणि घराबाहेरचे दोन तास.

रागाच्या प्रश्नाला मी 2 दिला होता. तो मी यांच्यापुढे झाकला नाही. राग आला म्हणून माया नसते असे थोडेच आहे? दिवसातून तीनदा चादर बदलणाऱ्या बाईला कधी राग येत नसेल, तर तिने मला येऊन भेटावे, मी तिच्या पाया पडेन.

मग यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रकाने आखले. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाड, खुबा, टाच इथे जखमा होतात. रात्री 10, 12 आणि 2 चे हे करू लागले, 4 चे आणि 6 चे मी. त्यामुळे मला सलग पाच-सहा तास झोप लागू लागली. धाकटे भाऊजी पुण्याला असतात. ते पूर्वी दिवाळीला येत, सफरचंदे आणत, आणि “वहिनी, तुमच्यामुळे आई आहे” असे म्हणून दुसऱ्या दिवशी जात. त्यांना फोन गेला, आणि दर महिन्याला दुसरा शनिवार-रविवार त्यांचा ठरला. पहिल्या खेपेला त्यांना आईला भरवताना घाम फुटला. तिसऱ्या खेपेला ते स्वतःच सांगू लागले की आईला उसळ वाटून दिली तरच घशाखाली उतरते. नणंदबाई फलटणहून दोन महिन्यांनी आठ दिवस येऊन राहू लागल्या. आणि दर मंगळवारी दुपारी शेजारच्या काकू येऊन बसत. त्या आज समोर बसल्या आहेत, त्यांना आवडणार नाही म्हणून नाव घेत नाही.

सहा महिन्यांनी त्याच समाजसेविका बाईंनी पुन्हा विचारले, तेव्हा बेरीज आली 35. सासूबाई तशाच होत्या. एक बोटसुद्धा जास्त हलत नव्हते. बदलले होते ते कॅलेंडर.

कौतुकाबद्दल एक शब्द बोलते, कोणाला लागू नये. “सून आहे म्हणून चालले आहे, लक्ष्मी आहे हो”, असे येणारे-जाणारे म्हणत. ऐकायला गोड वाटते. पण त्या लक्ष्मीला मग “मला होत नाही” असे म्हणण्याची चोरी होते. आमच्या ओळखीच्या एका बाईंची पाठ इतकी गेली होती की त्यांना वाकता येत नव्हते. तरी त्या सांगत नव्हत्या, कारण सगळ्या भावकीत त्यांचे नाव झाले होते. आपण कोणाकडे आजाऱ्याला पाहायला जातो, तेव्हा कौतुक जरा कमी करावे आणि जाताना दोन चादरी धुवायला घेऊन जाव्यात, असे माझे मत आहे.

आणि हे ओझे अंगावर काढण्यासारखे नाही. अमेरिकेतच 1999 साली एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात 66 वर्षे आणि त्यापुढची माणसे होती. आजारी जोडीदाराची शुश्रूषा करणारे, आणि ज्यांना ती करताना ताण जाणवतो असे जे होते, त्यांच्यात चार वर्षांत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा 63 टक्क्यांनी जास्त निघाले. मुलीने हे वाचून दाखवले, तेव्हा मला ते काका आठवले. आपण आजाऱ्याच्या औषधाचा डबा सोमवार ते रविवार भरून ठेवतो, आणि भरणारीची रक्तदाबाची गोळी राहून जाते. हे माझ्या डोळ्यांपुढे दोन घरांत झालेले आहे.

शरीराला पडणारे श्रम थोड्या युक्तीने वाचतात, ते भराभर सांगते. पलंग बुटका असेल तर चारी पायांखाली भक्कम लाकडी ठोकळे घालून कमरेइतका उंच करून घ्यावा. निम्मी पाठदुखी तिथेच थांबते. आजाऱ्याला काखेत हात घालून ओढू नये. त्याच्या पाठीखाली खांद्यापासून मांडीपर्यंत एक जाड चादर आडवी घालून ठेवावी आणि दोघांनी दोन बाजूंनी ती धरून सरकवावे. वाकताना गुडघ्यातून वाकावे. भरवताना बसते करावे आणि नंतर अर्धा तास तसेच ठेवावे. आडवे पडून पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत जाते. रबरी गोल कडे खाली घालण्याची जुनी पद्धत आता डॉक्टर नको म्हणतात. त्याने जखम टळत नाही, उलट कडेने दाब पडतो. हवेची गादी त्यापेक्षा बरी, पण गादी असली तरी कूस बदलावी लागतेच. ज्येष्ठांसाठी 14567 हा सरकारी मोफत फोन आहे आणि मन फारच खचले तर 14416 वर रात्री-बेरात्रीसुद्धा बोलता येते. हे दोन आकडे स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीला चिकटवून ठेवा.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला तिकडे येते.

केरळात कोझिकोडेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात 1993 साली असाध्य आजाऱ्यांचे दुखणे शमवणारी एक संस्था सुरू झाली. त्यातून पुढे मलप्पुरम वगैरे भागांत गावोगाव शेजाऱ्यांची मंडळे उभी राहिली. आठवड्याला निदान दोन तास देऊ शकेल अशा कोणालाही ते घेत, थोडे शिकवत आणि घरोघर पाठवत. शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले, कोणीही. 2008 साली तिथल्या सरकारने या कामाचे धोरणच केले आणि ग्रामपंचायतींकडे ते सोपवले. अंथरुणावरच्या माणसाचे पूर्ण वेळ करणाऱ्याला महिना 600 रुपये देण्याची योजनाही त्या सरकारने काढली. 600 रुपयांत काय होते, असे कोणी म्हणेल. पण करणारी म्हणून तिचे नाव कुठल्यातरी सरकारी कागदावर आले, हे मला 600 रुपयांपेक्षा मोठे वाटते.

ते दोन तास आपणही देऊ शकतो. आपल्या मंडळात 64 सभासद आहेत. भजनाला दर गुरुवारी 30 जणी येतात, आणि देव प्रसन्न व्हायला 28 पुरेशा आहेत. उरलेल्या दोघींनी एखाद्या घरी जाऊन 3 ते 5 बसावे. हे मी गेल्या महिन्यात कार्यकारिणीत मांडले, तेव्हा तीन आक्षेप आले. ते इथे उघड सांगते, कारण ते खोटे नव्हते.

पहिला, की लोक आपली म्हातारी माणसे परक्याच्या स्वाधीन करणार नाहीत. खरे आहे, पहिल्या दिवशी नाही करणार. म्हणून पहिले दोन मंगळवार घरची बाई घरातच राहील, फक्त दुसऱ्या खोलीत निजेल. दुसरा, की घरातल्या गोष्टी बाहेर जातील. ही भीती रास्त आहे, आपली आळी आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा जी बसायला जाईल तिने त्या घरातले भांडे, भांडण, औषध, पैसा, यांतले काही बाहेर आणायचे नाही. जिला हे जमणार नाही तिने भजनालाच यावे. तिसरा आक्षेप, की काही झाले तर जबाबदारी कोणाची? म्हणून बसणारीने आजाऱ्याला उचलायचे नाही, औषध द्यायचे नाही, आडवे असताना पाणी पाजायचे नाही. नुसते बसायचे, बोलायचे, हवे तर पोथी वाचायची, आणि डॉक्टरांचा व घरच्यांचा फोन कागदावर लिहून जवळ ठेवायचा.

आणि घरच्या बाईसाठी एकच नियम. बसायला आलेल्या बायकांना चहा करायचा नाही. हसू नका. शेजारच्या काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा मी कांदेपोहे करायला घेतले होते आणि त्यांनी गॅस बंद करून मला घाटावर पाठवले. गणपतीच्या घाटावर मी तासभर नुसती बसले होते. पाणी पाहिले, परत आले.

कोणाकडे आधी जायचे, हे ठरवायला आपण लहान कागद घेऊ. 1983 साली बेट्सी रॉबिन्सन नावाच्या बाईंनी 13 प्रश्नांची यादी काढली आहे. उत्तर फक्त होय किंवा नाही. झोपमोड होते का, अंगाला श्रम पडतात का, बाहेर पडता येत नाही असे होते का, ठरवलेले बेत मोडावे लागले का, आपले माणूस पूर्वीचे राहिले नाही याचे दुःख होते का, असे. 7 किंवा जास्त होय आले तर ताण मोठा आहे असे समजतात. माझ्या मुलीने तिच्या बाईंकडून समजून घेऊन हे प्रश्न मराठीत उतरवले आहेत. मात्र विचारताना दोन पथ्ये हवीत. आजाऱ्यासमोर विचारायचे नाही, आणि सासू, नवरा, दीर यांच्यासमोरही नाही. नाहीतर सगळीच उत्तरे “नाही हो, काही त्रास नाही” अशी येतील. आणि आकडा कोणाचा किती आला, याची तुलना करायची नाही. ही काही रांगोळीची स्पर्धा नाही.

शेवटी पैशाचे. हळदीकुंकवाला आपण दरवर्षी वाण म्हणून स्टीलच्या वाट्या देतो. माझ्याकडे अशा 11 वाट्या झाल्या आहेत, तुमच्याकडेही असतील. या वर्षी वाण म्हणून तिळगूळच द्यावा, आणि त्या पैशातून चाकाची एक खुर्ची, भांडे बसवलेली एक खुर्ची आणि हवेची एक गादी मंडळाच्या नावावर घ्यावी, अशी माझी सूचना आहे. ज्या घरी लागेल त्या घरी ती जाईल, काम झाले की धुऊन परत येईल. सासूबाईंची गादी मी धुऊन, उन्हात वाळवून ठेवली आहे. ती मी देते. तेव्हा गादीचे पैसे वाचले.

वही चिटणीसबाईंकडे आहे. डाव्या पानावर ज्यांच्या घरी गरज आहे त्यांनी नाव लिहायचे, उजव्या पानावर ज्या बसायला येणार त्यांनी. डावे पान आज सकाळीच पाच नावांनी भरले. उजव्या पानावर माझे आणि शेजारच्या काकूंचे आहे. येत्या मंगळवारी 3 वाजता गल्लीच्या टोकाच्या काकांकडे आम्ही दोघी जाणार आहोत. काकांनी होय म्हटले आहे. त्याच वेळी दुसऱ्या घरी जायला दोघीजणी हव्या आहेत.